दादाचा वहीम

परमेश्वराने विश्वास ठेवून आमच्या मावसभावाला जन्माला घातलं, पण दादाने त्या विश्वासाची परतफेड कधी केली नाही. अंबादेवीच्या देवळात गेला तरी चपला काखेत मारून तो उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करी, आणि नमस्कार करतानाही एक डोळा उघडा ठेवी. वरुडला त्याच्या वडिलांची संत्र्यांची बाग होती. बागेत व्यापारी येत, झाडाखाली उभे राहत आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत. लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे सगळ्या जगाचा कारभार रुमालाखालीच चालतो, अशी त्याची खात्री झाली असावी. अशा माणसाने नायब तहसीलदाराच्या परीक्षेला बसायचं ठरवलं आणि अभ्यासासाठी तो अमरावतीला आमच्याकडे राहायला आला. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. घरात मी आणि आई, म्हणजे दादाची मावशी. खोली रिकामी होतीच. ती रिकामी का आहे, हेही त्याने आल्या दिवशी आईला दोनदा विचारून घेतलं.

परीक्षेला हजारो मुलं बसतात हे त्याला मान्य होतं, पण त्यातली निम्मी आपल्या पाळतीवर आहेत असं तो समजून चाले. आपण काय वाचतो हे कुणाला कळू नये म्हणून त्याने पुस्तकांचे वेश बदलले. राज्यघटनेला पंचांगाचा पुठ्ठा चढवला. त्या महिन्यात संकष्टीचा चंद्रोदय पाहायला आईने पंचांग उघडलं तर आतून मूलभूत हक्क निघाले. आई उपाशी आणि चंद्राचा पत्ता नाही. "अरे पोट्ट्या, चंद्र कुठी ठेवला तू?" असं ती ओरडत राहिली, आणि दादा तिच्या पाया पडून "मावशी, हळू बोल, भिंतीपलीकडं तो हाय," असं विनवत राहिला.

'तो' म्हणजे अकोल्याच्या एका वकिलाचा मुलगा. घरी अशिलांची वर्दळ, अभ्यास होईना, म्हणून शेजारी आपल्या मामाकडे येऊन राहिला होता. तोही याच परीक्षेला बसणार होता, हसतमुख होता आणि येता-जाता "काय, कुठवर आलं वाचन?" असं विचारायचा. दादाच्या दृष्टीने तेवढा पुरावा पुष्कळ होता. त्याने त्या मुलाचं नाव कधी उच्चारलं नाही, "तो अकोल्याचा" एवढंच म्हणायचा. दोन्ही घरांमधली भिंत मातीची आणि पातळ, म्हणून दादाने शत्रूची दिशाभूल करायला भूगोल उलटा करून मोठमोठ्याने पाठ करायला सुरुवात केली. "पूर्णा नदी बंगालच्या उपसागराला मिळते! चिखलदरा सातारा जिल्ह्यात आहे!" असं तो गर्जून म्हणे आणि मग खरी माहिती तोंडावर उशी दाबून पुटपुटे. एकदा पलीकडून आवाज आला, "अहो, पूर्णा तापीला मिळते!" दादाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "पाह्यलं? आयकून राहिला!"

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि नागपूरची राजधानी हलली. लोकांनी सभा घेतल्या, वाद घातले. दादा मात्र शांतपणे म्हणाला, "मी नागपूरच्या हिशोबानं अभ्यास केला. तो पुरा झाल्यावरच काहून बदललं सारं?" त्यासाठी अख्खं राज्य हलवलं, असं म्हणतोस का, असं मी विचारलं. "मी काहीच म्हनत नाई," तो म्हणाला, "मी फक्त इचारून राहिलो."

वयाच्या अटीप्रमाणे ही त्याची शेवटची खेप होती. वडिलांनी बाग धाकट्या मुलाच्या हवाली केली होती. नोकरी लागल्याशिवाय लग्न नाही, असं दादाने जाहीर केल्याला जमाना लोटला होता, आणि आता मुलीवाले विचारायचेही बंद झाले होते. दादाने नागपूरला जाऊन पेपर दिले. प्रश्न इतके सोपे का काढले, या शंकेत पहिल्या पेपराचा बराच वेळ गेला, तरी तो पास झाला. मुंबईला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या भागात मुख्य पीक कोणतं?" यावर दादाने, "आपल्याला हे कशासाठी हवं आहे?" असा उलट प्रश्न केला. साहेब हसले म्हणे. महसूल खात्याला असाच माणूस पाहिजे, असं त्यांना वाटलं असेल. दादाची निवड झाली. अकोल्याचा थोडक्यात राहिला. निवडलेल्यांपैकी कुणी गळालं तर पहिली जागा त्याची, हे आमच्या साऱ्या गल्लीला ठाऊक झालं.

आता राहिली होती फक्त वर्तणुकीची चौकशी. एका दुपारी मी शाळेतून आलो तर दादा ओट्यावर प्रसन्न बसलेला. "साद्या कपड्यात एक जन आलता," तो म्हणाला. "माहं नाव घेऊन पुसत होता, असा कोनी इथं राह्यते काय. मी म्हटलं, नाई. मंग म्हने, मानूस कसा हाय? मी म्हटलं, ओळख नाई, पन आयकलं ते काही बरं नाई. गेला बिचारा तोंड पाडून! अकोल्याच्यानं पाठवला असन."

मला वर्तणुकीच्या चौकशीची आठवण झाली. "पायात काय होतं त्याच्या?"

"पोलिसाचे बूट. म्हनून तं मले वहीम आला. भाड्यानं आनले असन."

"दादा, तो पोलीसच होता! तुझी चौकशी करायला आला होता!"

दादाने ओट्याच्या कडेला हात टेकला आणि हळूहळू खाली सरकत पायरीवर बसला. त्याला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आईने पाणी आणलं, तेही त्याने घेतलं नाही. "माह्याच तोंडानं मी माहं वाटोळं केलं, मावशी," एवढंच तो म्हणाला.

ठाण्यावर जाण्यासाठी मी टोपी घातली, तोच समोरून तो चौकशीवाला जमादार येताना दिसला. त्याच्याबरोबर अकोल्याचा होता. त्याने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं आणि अंगातल्या बनियनवरच जमादाराच्या मागे धावत जाऊन त्याला चौकातून परत आणलं होतं. "हेच ते," दादाकडे बोट दाखवत तो म्हणाला. "स्वतःवरही विश्वास नाही हो यांचा, पण माणूस सोन्यासारखा आहे. मी लिहून देतो, हवं तर." जमादार हसू दाबत दादाला म्हणाला, "काय साहेब, आता तरी राह्यता ना इथं?" दादाने मान हलवली. अकोल्याचा मामाच्या घरात निघून गेला. त्याच आठवड्यात सामान बांधून तो अकोल्याला परतला आणि पुढे वडिलांचा काळा कोट चढवून कोर्टात उभा राहू लागला. वकिली त्याला कधीच करायची नव्हती, असं त्याच्या मामांनी नंतर आईला सांगितलं.

दादाला नोकरी मिळाली, उशिरा का होईना लग्न झालं. त्याच्या कचेरीतून एकही कागद त्याने तीन वेळा उलटसुलट पाहिल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि त्याच्या हाताखालची माणसं त्याला शिव्या देत, पण त्याच्या तालुक्यात खोटा सातबारा निघाला नाही. काही वर्षांनी त्याची बदली अकोल्याला झाली. तिथून तो दिवाळीला आमच्याकडे आला, तेव्हा कानाजवळचे केस पांढरे झाले होते. फराळ पुढ्यात तसाच ठेवून तो म्हणाला, "अकोल्याच्याच्या घरी गेलतो. इतक्या वर्सांचं पुसून घ्यावं म्हटलं. मी गळलो असतो तं जागा त्याची होती. मंग धावत काहून गेला तो?"

"काय म्हणाला?"

"इचारलंच नाई. ओसरीवर बसलो, पोराबाळाचं बोललो, आनि उठून आलो."

"का रे?"

दादाने पुढ्यातली चकली उलटसुलट करून पाहिली. "मले भेव वाटलं," तो म्हणाला. "तो सांगीन, काही नाई, असंच. आनि मंग मले ते खरं मानावं लागन."

आतून आईने त्याला जेवायला हाक मारली. पहिल्या हाकेला तो उठला नाही.