चौथ्या ओळीत लिहिलं होतं

"तू बरं लिहितोस. एक पानभर निवेदन लिहून दे," सर म्हणाले. "बाई खडकामागून अचानक पुढे आल्या, एवढंच. बाकी भाषा तुझी."

सर म्हणजे आमच्या हौशी पाणबुड्यांच्या गटाचे प्रमुख. एरवी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवून ती बंदूक उभी होती. रबराच्या ताणावर पोलादी भाला सोडणारी, माझ्या छातीला लागेल एवढी लांब. तिच्या भाल्यानं चार दिवसांपूर्वी कोकणात एका बाईची पोटरी फाडली होती. आणि दोष त्या बाईंवर ढकलायला सरांना माझी भाषा हवी होती.

ही भाषा मला कुठून मिळाली ते सांगतो. आम्ही येरवड्याचे. वडील फिटर. वस्तीत सभेचं, संपाचं, जयंतीचं पत्रक आलं की ते चौकात उभे राहून मोठ्यानं वाचायचे, कारण ऐकणाऱ्यांतले बरेच जण शाळेत गेलेले नसत. पत्रक मध्येच सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. मथळ्यापासून तळाच्या नावापर्यंत सगळं वाचायचं. तळाला नाव नसेल तर ते वाचायलाच घ्यायचे नाहीत. "ज्याला सही करायची लाज वाटते, त्याचं आपण का ऐकायचं?" म्हणायचे. त्यांचा घसा बसला की उरलेलं मी वाचायचो.

बंदूक आली तेव्हा खोक्यातही एक पत्रक होतं, इंग्रजी. सवयीनं मी ते उघडलं आणि मराठी करत वाचू लागलो. पहिली ओळ : पाण्याबाहेर रबर ताणू नका. दुसरी : एकट्यानं उतरू नका. तिसरी : पाण्यावर झेंड्याचा बोया सोडा, म्हणजे खाली कुणी आहे हे इतरांना कळेल.

"कमरेएवढ्या पाण्यात झेंडा?" सर म्हणाले. "पंधरा ऑगस्ट आहे का? आवरा आता पारायण."

सगळे हसले. मीही हसलो. पत्रकाची घडी करून पाठपिशवीत टाकलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांनाच सुचावं. समुद्राचं सामान पोहण्याच्या टाकीत तपासलं. पुण्याबाहेर मांजरी गावातल्या एका सोसायटीतली टाकी, निळं पाणी, समोरची भिंत स्वच्छ दिसणारी. त्या भिंतीशी थर्माकोलचा तुकडा धरून लांब बंदूक, आखूड बंदूक आणि हातानं मारायचा साधा भाला, तिन्ही वापरून पाहिले. सर्वांत लांबून नेम लागला तो लांब बंदुकीचा. टाळ्या पडल्या. बाकीची दोन्ही दुकानात परत गेली. पायाला लावायचे पंखही लांबच घेतले.

कोकणातल्या त्या गावी पाणी छातीपर्यंत आणि ताकासारखं गढूळ. स्वतःचा पसरलेला हात धड दिसत नव्हता. लांब पंखांनी तळाची वाळू उडत होती ती वेगळीच. खडकावर एक बाई कोयत्यानं कालवांचे शिंपले फोडत बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या भावाचा भाला : बांबू आणि पुढं तीन लोखंडी काटे, बस. त्यांनी आमची बंदूक खालीवर पाहिली.

"इतक्या लांबचा दिसता काय तुमका?" त्यांनी विचारलं.

"बाई, हे इंपोर्टेड आहे," सर म्हणाले.

"पाणी हंयचाच आसा," समोरच्या गढूळ पाण्याकडे हात करून त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासानं सरांनी एका करड्या सावलीवर भाला सोडला. मासा नव्हताच, शेवाळ होतं. भाला त्यातून आरपार गेला, खडकाच्या कडेला आपटून वळला आणि पलीकडे कालवं काढायला पाण्यात उतरलेल्या त्या बाईंच्या पोटरीत घुसला. आम्ही कुठे आहोत हे त्यांना कळायला वर बोया नव्हता.

आरोग्य केंद्रात टाके घालेपर्यंत मी बाकावर बसून पत्रक पुन्हा उघडलं. चौथी ओळ : उथळ, गढूळ पाण्यात आखूड बंदूक किंवा हातभाला वापरा, नजर पोचते त्यापुढे भाला जाऊ देऊ नका. मी तिसऱ्या ओळीवर थांबलो होतो. हशा नको म्हणून. सरांचा राग मला तेव्हाही आला होता, पण त्या बाकावर जो आला तो स्वतःचा होता आणि तो अजून गेलेला नाही.

बाहेर आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "ह्या खडपार मी ल्हानपणापासून येतंय."

आणि निवेदन कशासाठी हवं होतं? गावात बैठक होती. शनिवार-रविवारी बायकांनी खडकावर येऊ नये, पाहुण्यांना पाणी मोकळं मिळावं, असं आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या मालकाचं म्हणणं. बाईंची चूक लेखी मिळाली की त्यांचं काम सोपं. म्हणजे बाईंचा पाय जायबंदी झालाच होता, आता खडकही जाणार.

"लिहितो," मी सरांना म्हणालो.

पुढच्या रविवारी टाकीच्या काठावर सगळे जमले तेव्हा मी कागद काढला आणि उभं राहून वाचला. कोणतं सामान घ्यायला हवं होतं, आम्ही कोणतं घेतलं आणि का. बोया कुणी हसून उडवला. पत्रक कुणी अर्ध्यात मिटलं. बाई रोजच्या जागी उभ्या होत्या.

"झालं?" सर म्हणाले. "छान. वर्गात निबंधाला घेतो."

"नाही झालं. अजून तळ आहे," मी म्हणालो, आणि खालचं माझं नाव, येरवड्याचा पत्ता, फोन नंबर वाचला.

त्याच दिवशी तो कागद गावाला पाठवला. सरांनीही आपलं निवेदन पाठवलं, टाईप करून.

बैठकीनंतर बाईंचा फोन आला. दोन्ही कागद सगळ्यांसमोर वाचले म्हणाल्या. सरांच्या कागदाखाली सही कुणाचीच नव्हती. "नाव नाय तो कागद कोणाचो, म्हणून इचारल्यानी. कोण बोलाक नाय. बाजूक ठेवल्यानी." खडक त्यांचाच राहिला.

पाय कसा आहे, मी विचारलं.

"पाण्यात उतारलंय काय कळ येता," त्या म्हणाल्या. मी माफी मागितली. ओहोटी लागली, खडकावर जायचंय, म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. माफी मिळावी असा माझा हक्कही नव्हता.