साबुदाण्याला दिलेला होकार

जेवायला बसले की शेजारचे सदाकाका आधी रक्ताचा रिपोर्ट ताटासमोर धरत. "वाच बे," ताटाला म्हणत, "अन् मंग सांग, तुले खाऊ का नको." ताटात ज्वारीची भाकर, पालकाची भाजी, जवसाची चटणी. ताट बिचारं काय बोलणार?

मोताळ्यात त्यांचं शिलाईचं दुकान. दिवसभर मशीनवर बसून, तासातासाला गोड चहा आणि शेवेचा पुडा. मग एकदा रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चौपट निघालं. हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. "टायगर वाढलं माह्यात," म्हणायचे. डॉक्टरांनी साखर, मैदा, तळलेलं बंद केलं, भात मूठभर ठेवला, रोज पाऊण तास चालायला सांगितलं. काका चालायचे, पण वाटेत गिऱ्हाईक भेटलं की माप घ्यायला थांबायचे. तरी चार महिन्यांत आकडा निम्म्यावर आला.

मी गावचा नकलाकार. डॉक्टरांचा नाकातला आवाज तर काका माझ्याकडून मुद्दाम काढून घ्यायचे आणि मशीनवर डोकं टेकवून हसायचे.

श्रावण लागला. काका अख्खा महिना धरायचे. "आता टायगर उपाशी मरते पाहा." त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची तुपातली उसळ, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचे तळलेले काप. काकू अडून बसल्या. "डॉक्टरले इचारल्याबिगर साबुदाणा भिजवत नाई मी."

डॉक्टरांचा फोन लागेना. मी अंगणात गेलो, मित्राच्या मोबाइलवरून काकूंना फोन केला, त्यांनी तो काकांसमोर स्पीकरवर टाकला आणि मी नाकात बोललो, "उपासाचं चालते ताई. खाऊ द्या त्यांना." लगेच आत जाऊन सांगायचं होतं, मी होतो म्हणून. पण काकू साबुदाणा भिजवायला लागल्याही, आणि संध्याकाळी उसळीचा पहिला घास घेऊन काकांनी डोळे मिटले. मी सांगणं उद्यावर ढकललं. रोज ढकलत राहिलो.

श्रावण संपायच्या आत काका दुकानातच पोट धरून पडले. बुलढाण्याच्या दवाखान्यात सांगितलं, रक्तातली चरबी वाढून स्वादुपिंड सुजलं. मी उशाशी गेलो, कबूल करायला. तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"तुहाच आवाज होता. तवाच वळखला म्या. मले कोणाचा तरी 'हाव, खा' पाह्यजे होता बे."

तिसऱ्या दिवशी गेले.

आता रस्त्यात कोणी हाक मारली तर कधी कधी माझ्या तोंडून काकांचाच आवाज निघतो. मी काढत नाही, तो निघतो. तो आवाज माझ्या तोंडून निघतो हे काकूंना कळलं तेव्हापासून त्या दर सोमवारी बोलावतात. "त्याईच्या आवाजात बोल." मी म्हणतो, "जेवली का वं?" त्या डोळे मिटून सांगतात, "जेवलो."

मागच्या सोमवारी डोळे मिटूनच म्हणाल्या, "उद्या पोलीस ठाण्यात जाऊन राह्यलो. डॉक्टरनं मारलं तुमाले. सोडत नाई त्याले."

माझ्या स्वतःच्या आवाजात मला ते जमलं नसतं. काकांच्याच आवाजात म्हणालो, "डॉक्टर नव्हता तो. हे शेजारचं पोट्टं होतं. मले मालूम होतं."

काकू हलल्या नाहीत. डोळेही उघडले नाहीत. त्यांनी विचारलं, मला नाही, काकांना.

"मालूम होतं, मंग खाल्लं काऊन?"

मी तोंड उघडलं. कोणाचाच आवाज आला नाही.