सासूबाईंच्या नऊवारीनं मोजलेला कूलर

सोनी पाच महिन्याची, आन् पत्र्याच्या खोलीत उकाड्यानं तिला ताप आला. डॉक्टर म्हनले, "लेकराला गारव्यात ठिवा." मी एवढी भ्याले की सारखी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. जाऊबाई म्हनल्या, "बोट काढ, त्यानंच तिला उकडतंय."

मंग ठरलं, दौंडला जाऊन कूलर आनायचा. खोली मोजाया टेप न्हवता. मी आन् जाऊबाईंनी सासूबाईंची नऊवारी वाळत घालतो तशी दुहेरी करून भिंतीला लावली. बरोब्बर भरली.

न्हावऱ्यातनं मी आन् आमचे हे जीपनं चौफुला, तितनं यष्टीनं दौंड. जानार असाल तर लवकर निघा. मी निम्मी शिटावर, निम्मी कांद्याच्या पिशवीवर. चौफुल्याला मिसळ घेतली, पर सोनी घरी सासूबाईंपाशी, म्हनून निम्मी तशीच टाकून उठले.

दुकानदारानं इचारलं, "ताई, खोली केवढी?"

"एक नऊवारी लांब."

"म्हंजी सत्तावीस फूट. हॉलच की. वर स्लॅब का पत्रा?"

"पत्रा."

"मंग ह्यो मोठाच लागंल. आन् खिडकी-दार उगडं ठिवा, न्हाईतर दमट व्हतं."

आमचे हे माझ्याकडं बघाया लागले. "आपला हॉल?"

मला मोठाच पायजे व्हता. म्हनले, "घ्या वो."

येताना टेम्पोत कूलरला कवटाळून बसले. पाटस आलं तवा यांनी इचारलं, "नऊवारी धरली कशी व्हती गं?"

"दुहेरी."

चौफुल्यापतोर हे बोटांवर सत्ताविसाचं निम्मं करत बसले.

घरी कूलर दारातनं आत जाईना. आडवा केला, तिरका केला. सासरे, आमचे आबा, म्हनले, "आता खोलीच कूलरात ठिवा."

शेवटी त्यो खिडकीबाहेर मांडला. सापाच्या भ्यानं त्या खिडकीत मीच पोतं कोंबलं व्हतं, ते काढलं. कूलर चालू केला आन् भिंतीवरचं कॅलेंडर उडून आबांच्या मांडीवर पडलं. मी पळत जाऊन सोनीला कानटोपी घातली. गारव्यासाठी दौंड गाठलं, आन् आता थंडीचं भ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. जाऊबाई, त्यांची पोरं, सासूबाई, सगळी आमच्याच खोलीत आडवी झाली. आबा म्हनले, "माप बरुबर हाय. तू खोली मोजली, मान्सं मोजायची राह्यली."

मी सोनीच्या नाकाखाली बोट नेलं. वारं एवढं, की श्वास कळंना. मंग छातीवर हात ठिवला. छाती हळूच वर-खाली व्हत व्हती.