हलका स्वेटर, पुढून उघडा

शेवटच्या सीटपर्यंत तिकिटं फाडून झाली की कंडक्टरनाना हातातला पंच दांडीवर दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं बेस शे." सगळं छान आहे. मग चाक पंक्चर असो, की खिडकीशी कोणी ओकत असो. असा एखादा कंडक्टर तुमच्याही रस्त्यावर असेल.

मी तेव्हा जळगावहून यावलच्या शाळेत अप-डाऊन करायची. हातात कायम विणकाम. नातवंडं आज मला तोंडाळ आजी म्हणतात. तेव्हा मी तोंडाळ होतेच, वर स्वतःला शहाणी समजायची.

यावलच्या स्टँडवर संध्याकाळची गाडी सुटायला अर्धा तास असायचा. एकदा नाना शेजारी येऊन बसले.

"बाई, हे शिकवाल का? हलका स्वेटर पाहिजे. पुढून उघडा. आमच्या मंडळीसाठी."

"नाना, चैत्रात स्वेटर? इथं केळी करपताहेत."

मी इतकी हसले, की बाकावरच्या बाया वळून पाहू लागल्या. नानाही हसले. मी तिकिटाच्या पाठीवर टाक्यांचे आकडे लिहून दिले, पाठीचे आणि बाह्यांचे.

पंच दाबणारी ती जाड बोटं पातळ लोकरीवर अशी फिरायची, जणू झोपलेल्याचं पांघरूण सारखं करताहेत. ओळ संपली की तळहात फिरवून बघायचे. "एवढा वेळ मन कुठं जात नाही, बाई." मला वाटलं, माझ्या शिकवण्याचं कौतुक चाललंय.

पाठ हातभर झाली आणि म्हणाले, "उसवू. बारा टाके कमी." पुन्हा हातभर विणली. पुन्हा, "उसवू. आठ कमी." तिसऱ्यांदा माझ्यातली मास्तरीण भडकली.

"माप घेता येत नाही का, नाना? तुमची मंडळी काय दर महिन्याला आकसते?"

"हा, बाई." सुया थांबल्या नाहीत. "शालीचं वजन पेलवत नाही तिला. हात वर होत नाहीत. थंडी मात्र उन्हातही वाजते. डॉक्टर म्हणे, आता घरीच ठेवा."

मी मान खाली घालून लोकर उसवली. मग आम्ही सोळा टाके कमी घातले. ती तेवढी बारीक होईल तेव्हा स्वेटर तयार असेल, असा अंदाज.

पाठ झाली, पुढच्या दोन्ही बाजू झाल्या. बाह्या राहिल्या, आणि नाना गाडीवर यायचे थांबले.

आले तेव्हा डोक्याचा गोटा होता. बाकावर बसून त्यांनी पिशवीतून सुया काढल्या. मी त्या अरुंद पाठीला शोभेल असा बाह्यांचा आकडा सांगितला.

"नको," म्हणाले, आणि खिशातून ते जुनं तिकीट काढलं. "पहिले लिहून दिले तेवढेच घालतो. आता कमी व्हायचं नाही."

पोरीच्या अंगाला धडधाकट बाईचे हात, असा तो स्वेटर झाला. कोणालाही हसू आलं असतं. मी बटणं लावून दिली.

मग त्यांनी धुळ्याकडे बदली करून घेतली. शेवटच्या संध्याकाळी तिकिटं झाली, पंच दांडीवर दोनदा वाजला. पुढच्या शब्दांची वाट पाहत मी जळगाव येईपर्यंत बसून राहिले.