चाळीस पावलं अलीकडची रेष

आमचे हे रस्त्यांवर पट्टे मारायचे. नोकरी नगरपालिकेची, पण ऐट अशी की सगळी वाहतूक जणू ह्यांच्या ब्रशवरच चालते. वर्षातून एकदा सायकलींची मोठी शर्यत आमच्या शहरात संपते. एका दिवसात दोनशे किलोमीटर, सगळे पगारी खेळाडू. शेवटची पांढरी रेष मारायचा मान ह्यांचा. आदल्या दिवशी दोरी ताणून, गुडघ्यांवर बसून रेष मारायची आणि घरी येऊन मला तीनदा ऐकवायचं, "केसाचाही फरक नाही!"

एका वर्षी बक्षिसाच्या मांडवासाठी रेष चाळीस पावलं पुढे सरकवली. मागच्या वर्षीची फिकट झालेली, तरी दिसायची. तिच्यावर काळा रंग फिरवणं ह्यांचंच काम. पण स्वारी नव्या रेषेवर इतकी खूश, की जुनी साफ विसरली.

शर्यतीत आपल्याच भागातला एक खेळाडू सगळ्यांच्या पुढे होता. त्याने जुन्या रेषेवरच दोन्ही हात वर केले, पाय थांबवले आणि मागचे दोघे त्याच्या बाजूने सुसाट निघून गेले.

बक्षीस समारंभ चालू होता तेव्हा ह्यांनी काळ्या रंगाचा डबा उचलला आणि जुनी रेष बुजवून टाकली. "तिथे रेष होती," असं तो खेळाडू जीव तोडून सांगत राहिला. पंच दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला आले, तर काहीच नाही. चित्रीकरणातही झाडांच्या सावलीमुळे कळेना. सगळे त्याला 'उतावळा' म्हणायला लागले.

मला ह्यांच्या विजारीवरच्या काळ्या डागांवरून कळलं.

"सांगून टाका," मी म्हटलं.

"नोकरी जाईल गं."

मला भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर मीही गप्प बसले, कारण घर त्याच नोकरीवर चालायचं. विजार मात्र धुतली नाही, टाकलीही नाही. त्यानंतर सहा वर्षं ह्यांनी रेष मारली, पण केसाचं नाव काढलं नाही.

यंदा हे निवृत्त झाले. उतावळ्याचीही ही शेवटची शर्यत होती. "आता कसली भीती?" म्हणून शर्यत संपल्यावर मी ह्यांना त्याच्या संघाच्या बसपाशी नेलं. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेल याची खात्री नव्हती, म्हणून विजार पिशवीतून सोबत घेतली.

तो घडीच्या खुर्चीवर, पाय पाण्याच्या टबात सोडून बसला होता. हे अडखळत अडखळत सगळं बोलले. मी विजार पुढे केली.

"म्हणजे रेष होती?" त्याने विचारलं.

"होती. चूक माझी. पंचांना आजच लिहून देतो."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो डागांवरून बोट फिरवत राहिला.

"नंतर दोन शर्यती जिंकलो, काका. पण हात एकदाही वर केले नाहीत. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसाच उरला नव्हता."

ह्यांची मान खाली गेली ती वर येईना. मलाही रडू आवरेना.

"ही विजार मी नेऊ?" तो मला म्हणाला. "घरी दाखवायची आहे. बायकोलासुद्धा खरं वाटलं नव्हतं."

मी नीट घडी घालून दिली.