मिसेस गॅरडच्या शेतातलं नाणं

केन कॅटरमोलने जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर धातुशोधक यंत्राचं खूळ घेतलं. इंग्लंडात सफोकमधल्या एका नांगरलेल्या शेतात तो कानाला हेडफोन लावून तासन्‌तास फिरायचा. मिळायचं काय, तर बटणं, शिशाचे तुकडे आणि बिअरच्या बाटल्यांची बुचं. शेत विनिफ्रेड गॅरडबाईंचं. सापडेल त्यात निम्मा वाटा जमीनमालकाचा असा तिथला रिवाज, पण बाईंनी तो सोडला होता. जे सापडेल ते काय आहे, कुणाचं आहे, तेवढं येऊन सांगायचं, एवढीच त्यांची अट.

आता शेत विकलं गेलं होतं. शनिवारी बाई कायमच्या लेकीकडे कॅनडाला निघणार, आणि त्याच आठवड्यात केनला तांब्याचं परदेशी नाणं सापडलं! एका बाजूला कुणाचं तरी नाक, कडेला दोन-तीन अक्षरं, बाकी सगळं झिजून सपाट. तसंच ते त्याने बाईंना दाखवलं आणि तुम्ही जायच्या आत नाव सांगतो, असं छाती ठोकून सांगून आला.

धातुशोधकांच्या क्लबातला जाणकार आयव्हर चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "डच आहे."

"कशावरून?"

"परदेशी म्हणजे बहुतेक डचच. नाहीतर फ्रेंच."

"एवढं तर माझ्या कुत्र्यानेही सांगितलं असतं!"

इंटरनेटवर एकाने स्वीडन म्हटलं, दुसऱ्याने पोर्तुगाल, तिसऱ्याने फोटो धड काढ म्हणून झापलं. केनचं डोकं फिरलं. बिघडलेलं इंजिन निदान खोकून काहीतरी सांगतं. हे नाणं मूग गिळून बसलं होतं.

जुनं तांबं घासायचं नाही, वरच्या हिरव्या थरातच चित्र उरलेलं असतं, हे क्लबातल्या प्रत्येक नवख्याला केनच दरडावून सांगायचा. पण शुक्रवारी संध्याकाळी त्याच केनने टूथपेस्ट घेतली. जरासंच, अक्षरांपुरतं. अक्षरं उमटेनात, तसा त्याचा हात जास्तच जोरात चालायला लागला. थर निघाला, त्याबरोबर अक्षरं गेली, नाकही गेलं. हातात राहिली तांब्याची लखलखीत चकती. त्याने ब्रश भिंतीवर भिरकावला आणि स्वतःला कचकचीत शिवी हासडली.

सकाळी बाईंच्या दारात बॅगा भरून ठेवलेल्या होत्या.

"आलास? सांग, कुणाचं निघालं?"

"नाही वाचता येत, मिसेस गॅरड. फारच झिजलंय."

बाईंनी नाणं खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं. "परवा हिरवं होतं हे. घासलंस?"

"तुमच्यासाठीच हो! नाव कळावं म्हणून."

"नाव नसतं कळलं तरी चाललं असतं रे," बाई म्हणाल्या. "आमच्या मातीचा रंग होता त्याला. तसंच न्यायचं होतं मला."

त्यांनी नाणं त्याच्या हातात परत ठेवलं आणि कोट घालायला आत गेल्या.