टेबल कललं आणि पाचवा खण जिंकला

काल सोमाटण्यात एक भारी गंमत झाली!

मुलांच्या मागे आठ वर्षं घरी काढल्यावर ज्युनिअर कॉलेजात माझं डेमो लेक्चर होतं. जमलं तर नोकरी. विषय... बायनॉमियलच्या विस्तारात सगळ्यात मोठा सहगुणक शोधणे.

त्यासाठी एक फळी केली होती. खिळ्यांच्या सहा ओळी, खाली सात खण. वरून वाळलेला वाटाणा सोडला की प्रत्येक खिळ्यापाशी तो डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो. मधल्या, म्हणजे चौथ्या खणाकडे सगळ्यात जास्त वाटा जातात, वीस. (१ + x)⁶ मधला सगळ्यात मोठा सहगुणकही तोच!

सुदुंबऱ्याला घरी ओट्यावर सगळं झकास चाललं होतं. सासूबाई वाटाणे टाकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "समदे मधीच जात्यात गं. त्या कडंच्यानं काय पाप केलंय?"

वर्गात मूठभर सोडले आणि... ढीग चक्क पाचव्या खणात! पुन्हा सोडले, तरी तेच. मागच्या बाकावर प्राचार्य बसलेले. म्हटलं, गेली नोकरी.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, टेबलाचा पाय आखूड हाय. खाली कागद लावू का?"

कागदाची घडी झालीसुद्धा होती... आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "थांब, लावू नको!" मी जवळजवळ ओरडलेच.

टेबल उजवीकडे कललंय, म्हणजे वाटाण्याचा ओढा उजवीकडे. समजा, दुप्पट. मग विस्तार झाला (१ + २x)⁶. म्हटलं, काढा रे सहगुणक!

एक, बारा, साठ, एकशे साठ, दोनशे चाळीस... पोरं आकडे ओरडत होती. पुढचा आला एकशे ब्याण्णव. "उतरला!" अख्खा वर्ग किंचाळला. म्हणजे सगळ्यात मोठा पाचवा, आणि ढीगही पाचव्यातच!! मला तर नाचावंसं वाटत होतं.

प्राचार्य पुढे आले, वाकून टेबलाचा पाय बघितला आणि हसत म्हणाले, "सोमवारपासून या."

बाहेर येऊन घरी फोन लावला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "कडंच्याला कायतरी मिळालं का गं?"

"मिळालं आत्या! उजव्या कडेच्या खणातसुद्धा पडले वाटाणे... आणि मला नोकरी!"

आठ वर्षं मीच म्हणत होते, आधी घरातलं सगळं सरळ बसू दे, मग बघू. बरं झालं बाई, काल तो कागद लावू दिला नाही.